प्रमाण श्वास

१

दुपारची भांडी घासून उपडी पडली, की घरात माझी पाळी सुरू होते. मुलगा आणि सूनबाई सकाळीच कामावर गेलेली असतात. माझी थोरली बहीण, जिला घरीदारी सगळे आक्काच म्हणतात, ती बाळाला दूध पाजते, पाठ थोपटते, माझ्या स्वाधीन करते आणि पुढच्या खोलीत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पेंगू लागते. बाळ म्हणजे माझी नात, पिटुकली. वय साडेतीन महिने. पण दिवस भरण्याआधीच आल्यामुळे त्यातला दीड महिना तिने उसना आणलेला. मागच्या खोलीत तिचा पाळणा, पाळण्याशेजारी माझी वेताची खुर्ची, माझ्या हाती माळ. पडदे ओढलेले. घड्याळाची टिकटिक, फ्रीजची घरघर आणि तिची झोप.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते, "बाळ छान आहे. फक्त अधूनमधून श्वास घ्यायला विसरतं. विसरलं, की तळपायावर टिचकी मारायची. आठवतं मग त्याला." छत्री विसरण्याइतक्या सहज स्वरात त्या हे बोलल्या.

विसरण्याचा तो क्षण कळावा म्हणून त्यांनी एक यंत्रही दिले. नाव 'राखण'. बशीएवढे, पांढरे, पाळण्यावर छतापासून लोंबणारे, आणि त्याच्या काठाला प्रकाशाचे एक कडे. बाळाच्या श्वासाबरोबर ते कडे उजळते आणि मंदावते. हिरवे आहे तोवर सर्व क्षेम. वीस सेकंद श्वास आला नाही, तर तांबडे होऊन किंचाळायचे. वर्षाच्या आतल्या प्रत्येक मुलाच्या पाळण्यावर ते असलेच पाहिजे, असा आता कायदा आहे. खोक्यावर छापले होते: 'तुम्ही निर्धास्त झोपा, आम्ही जागे आहोत.' हे आश्वासन मी आजवर एकाच्याच तोंडी मानत आलो होतो. तरीही, खोटे कशाला बोलू, वाचून मला बरे वाटले.

माझा नेम असा: एका श्वासाला एक नाम, एका नामाला एक मणी. एकशे आठ झाले की मेरुमणी लागतो. तो ओलांडायचा नसतो. तिथे थांबायचे, माळ डोळ्यांना लावायची, उलटी फिरवायची आणि आल्या वाटेने परतायचे. त्या थांब्यात माझा श्वासही आपोआप थांबतो. पंधरा सेकंद, कधी सोळा. चाळीस वर्षांची सवय.

त्या मंगळवारी मी माळ डोळ्यांना लावली आणि, का कोण जाणे, डोळे मिटण्याऐवजी वर पाहिले.

कडे थांबले होते.

हिरवेच होते, पण अर्ध्या उजेडावर गोठलेले. माळ हातातून खाली घसरली. मी उठून पाळण्यावर वाकलो. पिटुकलीचे पोट पाखराच्या पोटासारखे भराभर हलत होते. ती श्वास घेत होती. चांगला घेत होती. मी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि वर पाहिले, तर कडेही मंदावून पुन्हा उजळू लागले होते.

२

बुद्धी हे एक इमानी पण भित्रे जनावर आहे. अंधारात काही हलले, की ते आधी भुंकते आणि मग स्वतःचीच समजूत घालते. मीही घातली. योगायोग, म्हटले. तरी हाताला चैन पडेना. मनगटावरचे घड्याळ काढून पाळण्याच्या कठड्यावर ठेवले आणि मोजू लागलो. पिटुकलीचे पोट: मिनिटाला बेचाळीस. कडे: मिनिटाला बारा.

"काय रे, नातीला जोखतोयस की काय?" दारात आक्का उभी होती.

"आक्का, हे कडं बघ, आणि हिचं पोट बघ. मेळ बसतो का दोघांचा?"

तिने चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि नीट पाहिले. "नाही बसत. तुझा नि तुझ्या बायकोचा तरी कुठे बसला होता? संसार झालाच ना!"

"थट्टा नको. मोजमाप चुकतंय."

"तू निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. घरात मोजायला काही उरलं नाही म्हणून दिव्याच्या मागे लागलास. ये, चहा घे."

माहितीपत्रक शोधून काढले. बारीक अक्षरांत उत्तर होते: पालकांच्या मनःशांतीसाठी प्रकाशाची लय संथ ठेवलेली आहे. झाले. शंका फिटली. बुद्धी शेपूट हलवत कोपऱ्यात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मात्र मी माळ खुंटीवरच ठेवली. नामही घेतले नाही. असा दिवस चाळीस वर्षांत आला नव्हता. खुर्चीत बसून केवळ कड्याची आवर्तने मोजली. पाच, पन्नास, शंभर. एकशे सात. एकशे आठ.

थांबले.

मी सेकंद मोजले. पंधरा. मग एक लांब, कृतज्ञ म्हणावे तसे उजळणे, आणि पुढचे आवर्तन सुरू. पुढची एकशे आठ मोजायला मी थांबलो, आणि ते मी करायला नको होते; कडे पुन्हा तिथेच थांबले.

३

आता मला माझ्या पापाविषयी लिहिले पाहिजे.

गृहोपयोगी वस्तू तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत मी तीस वर्षे काढली. इस्त्र्या, पाणी तापवायचे बंब, मुलांची खेळणी. वस्तू तापवायची, आपटायची, भिजवायची. जोवर ती आपला खोटेपणा कबूल करत नाही तोवर सोडायची नाही. शेवटच्या काही वर्षांत श्वास ओळखणारी यंत्रे येऊ लागली. त्यांना जोखायचे तर आधी माप हवे. म्हणून आम्ही रबराची एक छाती बनवली. नळीतून हवा सोडली की ती वरखाली होई, आणि यंत्र तिच्यासमोर धरून तपासता येई. प्रश्न इतकाच राहिला, की या छातीला श्वास कोणाचा शिकवायचा?

माझा हाताखालचा तंत्रज्ञ, ज्याला सगळे मापाड्या म्हणत, तो म्हणाला, "बुवा, तुम्हीच आडवे व्हा. तुमच्याइतकं दगडासारखं कुणी पडून राहत नाही." माझ्या जपामुळे तिथे मला बुवाच म्हणत.

मी चाळीस मिनिटे बंद खोलीत छातीला पट्टे बांधून पडलो. साधा श्वास घ्या, एवढीच सूचना होती. पण साधा श्वास मला ठाऊकच कुठे होता? हाती माळ नव्हती. मनातल्या माळेलाही मेरू असतो. चाळीस मिनिटांत चार वेळा मी थांबलो.

मापाड्याने कागदावरच्या त्या चार सपाट जागांवर बोट ठेवले. "बुवा, हे काय?"

"झोपेत होतं असं," मी म्हणालो.

मी झोपलो नव्हतो. खरे सांगितले असते तर पट्टे पुन्हा बांधावे लागले असते, आणि अहवाल संध्याकाळी जायचा होता. पण ते वरवरचे कारण. आतले कारण सांगायला जीभ अडखळते. माझे नाम प्रमाण झाले होते. यापुढे जगातले प्रत्येक यंत्र माझ्या जपाशी ताडून पाहिले जाणार होते. त्या विचाराने मला सुख झाले. अहंकाराने असे सोवळे नेसले की देवघरातही त्याला कोणी अडवत नाही.

त्या चार सपाट जागांवरून नियम झाला. निरोगी माणूस झोपेत सोळा सेकंद थांबतो. सबब वीस सेकंदांपर्यंत यंत्राने घंटा वाजवू नये. लहान मुलांसाठी वेगळे माप नंतर घ्यावे, असे टिपणीत लिहून मी सही केली. ते 'नंतर' कधी आले नाही.

४

मापाड्या अजून तिथेच कामाला आहे. मी फोन लावला.

"बुवा! जिवंत आहात?"

"तुझ्या यंत्राला विचार. नातीच्या पाळण्यावर माझा श्वास दिसतोय."

हसेल असे वाटले होते. तो हसला नाही. खुर्ची सरकल्याचा आणि दार लावल्याचा आवाज आला. मग तो हलक्या आवाजात बोलू लागला.

"कुणाला सांगू नका, बुवा. सुरुवातीला ही यंत्रं उठसूट बोंबलायची. बाळ कुशीवर वळलं तरी घंटा. लोकांनी कार्यालय डोक्यावर घेतलं. म्हणून नियम आला, खोटी घंटा वाजली की कंपनीला दंड. मग कंपन्यांनी काय करावं? यंत्राला श्वास नीट दिसेनासा झाला, की तेवढ्यापुरता प्रमाण श्वास दाखवायचा. कडं हिरवं, आई खूश, दंड नाही."

"आणि बाळ?"

"बाळ बहुतेक वेळा ठीकच असतं हो."

"बहुतेक?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"खोट्या घंटेला दंड आहे. खोट्या शांततेला काय आहे?"

"त्याचं कलम नाही, बुवा."

"माझी तक्रार लिहून घे. आत्ता."

"घेतो की. घंटा कधी वाजली? घंटेचा क्रमांक सांगा."

"अरे, वाजत नाही हीच तर तक्रार आहे!"

"मग अर्ज पुढे सरकत नाही. पहिला रकाना तोच आहे. रागावू नका, पण तो नमुना तुम्हीच मंजूर केला होता." मग त्याने विचारले, "तुमची तब्येत बरी आहे ना? दम वगैरे लागत नाही ना?"

"का रे?"

"काही नाही. छातीचं जरा... काही नाही. ठेवतो."

५

संध्याकाळी मी मुलाला आणि सूनबाईला समोर बसवून सगळे सांगितले. माझ्या लबाडीसकट. मुलाने मोबाइल पुढे केला.

"बाबा, दवाखान्यातून तपासून दिलंय ते. हा दिवसभराचा आलेख बघा. किती सुंदर आहे!"

"सुंदर आहे, कारण तो माझा आहे."

"तुम्हाला काहीतरी भास..."

"थांब," सूनबाई म्हणाली. "रोज दुपारी कामाच्या टेबलावर फोन उभा करून मी ती रेघ बघत असते. ती वर गेली की मी काम करते. खाली आली की हात थांबतो. बाबा, मी इतके दिवस कुणाचा श्वास बघत होते?"

मी मोबाइल उपडा करून ठेवला.

तिने स्टुलावर चढून यंत्र उतरवले. दहा मिनिटांत फोन आला. गोड, ध्वनिमुद्रित आवाज: आपल्या बाळाची राखण बंद आढळली आहे, तासाभरात सुरू न केल्यास संबंधित अधिकारी भेट देतील. मुलाने कपाळावर हात मारला आणि पुन्हा चढवले. दुसऱ्याच दिवशी बदलून नवे आले. नवे कडेही एकशे आठाव्या आवर्तनाला थांबले. तेव्हा ठरले, की यंत्र लटकू दे. पण जो कोणी पाळण्यापाशी बसेल, त्याने बाळाच्या छातीवर हात ठेवून बसायचे.

त्याच संध्याकाळी मुलगा मोबाइलकडे पाहत म्हणाला, "आक्काआत्या झोपली वाटतं लवकर." वृद्धांसाठीची राखण आक्काच्या पलंगापाशीही बसवलेली होती.

"कोण झोपलंय?" आक्का स्वयंपाकघराच्या दारात लाटणे घेऊन उभी होती.

"यात दाखवतंय: 'आक्का, गाढ झोप'."

"मी झोपलेय? मग मघापासून पोळ्या कोण लाटतंय, माझं भूत?"

सगळे हसलो. हसतहसतच तिच्या खोलीत गेलो, आणि उंबऱ्यातच चौघांचे हसू विरले. पलंग आवरलेला. चादर ताणलेली, पांघरूण चौकोनी घडी करून पायथ्याशी. उशीवर खळगा नव्हता. मी मुद्दाम पाहिले. त्या मोकळ्या पलंगावर हिरवे कडे संथपणे उजळत होते आणि मंदावत होते, एखाद्या तृप्त माणसाच्या झोपेसारखे.

"बंद कर रे ते," आक्का म्हणाली. तिच्या आवाजातली थट्टा गेली होती. "माझ्या जागी कुणीतरी निजलंय."

६

तरीही माझी बुद्धी हटली नव्हती. ध्वनिमुद्रण आहे, म्हणत होती. चाळीस मिनिटांची पट्टी. संपली की पहिल्यापासून. रिकाम्या खोलीत वाजणाऱ्या रेडिओला कोणी भूत म्हणत नाही.

शुक्रवारी सकाळी औषध आणायला खाली गेलो. परतलो तेव्हा लिफ्ट बंद होती. पाच मजले चढलो. सत्तरी उलटलेल्या देहाला ते झेपले नाही. दारात पोहोचेपर्यंत धाप लागली. चप्पल काढून, भिंत धरत मागच्या खोलीत आलो. आक्का पिटुकलीच्या छातीवर हात ठेवून बसली होती आणि डोळे विस्फारून वर पाहत होती.

कडे धापा टाकत होते.

भराभर, ओबडधोबड, मध्येच अडखळून. मी थुंकी गिळली. ते अडखळले. मला खोकला आला. ते दोनदा फडफडले. त्या चाळीस मिनिटांत मी एकदाही खोकलो नव्हतो. आक्काने एकदा माझ्या छातीकडे पाहिले, एकदा कड्याकडे.

खिशात फोन वाजला. मापाड्या.

"बुवा," तो म्हणाला, "तुम्ही आत्ता जिना चढून आलात का?"

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"मी रबरी छातीसमोर उभा आहे. महिनाभर हे चाललंय. मला वाटलं, वीज कुठेतरी गळत असेल. आज बटण बंद केलं, नळीपण काढून टाकली. आत हवाच जात नाही, बुवा. तरी ती धापा टाकतेय."

मी श्वास रोखला. का रोखला, ते सांगता येणार नाही. भिंतीवर पाल दिसली की माणूस जागीच थिजतो, तसे झाले असावे. पाळण्यावरचे कडे गोठले. फोनमधून मापाड्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"थांबली," तो कुजबुजला.

ती आणि मी, दोघेही थांबलो. खोलीत घड्याळ चालत होते.

"बुवा, घ्या. श्वास घ्या. मला बघवत नाही."

मी घेतला. कड्याने घेतला. दूर, शहराच्या पलीकडच्या टोकाला, बंद खोलीत, त्या रबरी छातीनेही घेतला असावा. कारण मापाड्याने रडवेला आवाज काढला आणि फोन ठेवून दिला.

जन्मभर मी एकच मागणे मागत आलो: माझा श्वास माझा न राहो. ते असे कोणी ऐकेल, असे वाटले नव्हते.

७

शनिवारची दुपार. मुलगा आणि सूनबाई वरिष्ठ अधिकाऱ्यांना भेटायला गेली होती. सूनबाईने निघताना मला बजावले होते, "बाबा, हात काढू नका." मी काढला नव्हता. तीन बोटांखाली पिटुकलीची छाती चालत होती.

मग ती चालेनाशी झाली.

आवाज नाही, आचका नाही. बोटांखालचे ते लहानसे जग नुसते स्थिर झाले. मी वर पाहिले. कडे हिरवे, संथ. मी तिच्या तळपायावर टिचकी मारली. काही नाही. ओठांच्या कडा जांभळट होत होत्या. कडे हिरवे. मी पुन्हा मारली, जोरात. आजोबाच्या हाताने मारू नये इतक्या जोरात. पिटुकलीने पाय आखडला, तोंड उघडले, आणि एक लांब श्वास आत ओढून जी किंचाळली ती घर दणाणून सोडत.

आक्का धावत आली. मी बाळ तिच्या हाती दिले.

"आहे ना? आहे ना रे?"

"आहे. आठवलं तिला."

या सगळ्यात वरचे कडे किंचित लगबगले, ते माझ्या भयाने. बाळाशी त्याचा काही संबंध नव्हता. त्या क्षणी मला आमची गल्ली दिसली, आणि तिच्यामागच्या गल्ल्या. दुपारची वेळ. ओढलेले पडदे, पाळणे, आणि प्रत्येक पाळण्यावर एक हिरवे कडे. तिथे छातीवर हात ठेवून कोण बसले होते? त्यांनी का बसावे? कायद्याने यंत्र दिले होते, आणि त्या यंत्राखाली माझी सही होती.

घंटा वाजल्याशिवाय कोणी हलणार नव्हते. आणि घंटा वाजवणे एका माणसाच्या हाती होते.

मी खुर्चीत ताठ बसलो. "आक्का, मी काही वेळ बोलणार नाही. घाबरू नकोस." पूर्ण श्वास सोडला, आणि दार लावून घेतल्यासारखा थांबलो.

दहा. पंधरा. आजवर मी इथूनच परतलो होतो. सोळा. सतरा. कानांत रक्त वाजू लागले. एकोणीस. वीस.

आमचे कडे तांबडे झाले आणि किंचाळले. त्याच्या पाठोपाठ आक्काच्या खोलीतले. मग वरच्या मजल्यावर. मग खालच्या. मग समोरच्या इमारतीत, एक, तीन, सात. मग गल्लीच्या टोकाला, आणि त्याहून पलीकडे, जिथून आवाज केवळ बारीक शिट्टीसारखा येतो तिथूनही. सबंध वस्ती एका स्वरात किंचाळत होती. आक्काने पिटुकलीचे कान झाकले. मी तसाच बसून होतो आणि ऐकत होतो. इतकी? देवा, इतकी घरे?

पावले धावली, दारे आपटली, भांडे पडले. मग मुले जागी होऊन रडू लागली, घराघरांतून, आणि ते रडणे मला स्तोत्रासारखे वाटले. ज्या घरातून रडणे येई, त्या घराची चिंता मिटे. आम्ही खिडकीचा पडदा सारला. अरुंद गल्लीपलीकडे, आमच्याच उंचीच्या खिडकीत, एक तरुण बाई ओल्या केसांना पंचा गुंडाळलेल्या अवस्थेत खोलीत धावत आलेली दिसली. ती पाळण्यापाशी उभी राहिली आणि मान वर करून तांबड्या कड्याकडे पाहू लागली. खाली पाळण्यात तिने पाहिलेच नाही. आम्ही लोकांना तसेच शिकवले होते.

तिच्या घरातून रडणे येत नव्हते. एवढ्या कल्लोळात तिचे बाळ उठले नव्हते.

माझी छाती फुटली. सत्तरी उलटलेला देह माझे ऐकेना. हवा आत घुसली. एका क्षणात सगळ्या घंटा थांबल्या. समोरचे कडे हिरवे झाले. त्या बाईने छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि हसली. गल्लीत कोणीतरी ओरडले, "खोटी घंटा हो, खोटी घंटा!" आणि या खिडकीतून त्या खिडकीत सुटकेचे हसू पसरत गेले. ती बाईही काय गडबड झाली ते पाहायला खिडकीशी आली.

तिला ओरडून सांगायचे होते. ओरडायला श्वास हवा होता. आणि माझ्या प्रत्येक श्वासाबरोबर तिच्यामागचे कडे हिरवे उजळत होते.

मी आक्काचा दंड धरला, समोर बोट दाखवले आणि पुन्हा श्वास बंद केला. आक्का समजली. पिटुकलीला खांद्याशी घट्ट धरून ती खिडकीतून अर्धी बाहेर वाकली. "अगं ए बाई! दिव्याकडे नको बघूस! लेकराला हात लाव! हात लाव गं!"

बाईने कानामागे हात धरला. "काय म्हणताय, आजी?"

"लेकराला! हात!"

एकोणीस. वीस. तिच्यामागे तांबडे पेटले, गल्ली पुन्हा किंचाळली, आणि आक्काचा आवाज त्यात बुडाला. बाई दचकून वळली. दोन पावलांत पाळण्यापाशी पोहोचली.

पंचवीस. माझ्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचू लागले. आक्का अजून ओरडत होती. तिचे तोंड तेवढे हलताना दिसत होते.

तीस. हात लाव, पोरी. खाली बघ.

चाळीस. ती अजून वरच पाहत होती.